‘वर्स्टेड’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : सुटाच्या कापडावर ‘वर्स्टेड’ लिहिलेलं असतं आणि विणायच्या लोकरीच्या गुंड्यावरही. दोन्ही एकच का? मराठीत ‘गुळगुळीत सूत’ म्हटलं तर चालेल?

– शब्द एक, अर्थ दोन. मूळ अर्थ सूत कसं कातलं याच्याशी निगडित आहे. लांब तंतूंची लोकर फणीने विंचरतात. आखूड, गुंतलेले तंतू (नॉइल) गळून वेगळे होतात आणि उरलेल्या समांतर तंतूंचा लांबलचक पेळू होतो, तो ‘टॉप’. तोच ओढत बारीक करून पीळ दिला की फार थोडी टोकं बाहेर राहतात, म्हणून सूत गुळगुळीत आणि घट्ट. नुसती पिंजून कातलेली लोकर म्हणजे ‘वुलन’. तिच्यात तंतू आडवेतिडवे पडतात, मधे हवा राहते. म्हणून ब्लँकेट उबदार, पण केसाळ.

‘गुळगुळीत सूत’ मला पटत नाही. मर्सराइज केलेलं (कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने चमकदार केलेलं) सुती सूतही गुळगुळीतच असतं. ‘विंचरीव लोकरी सूत’ म्हणा, क्रिया कळते.

– व्युत्पत्ती गावाच्या नावाची. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात, नॉर्विचच्या उत्तरेला वर्स्टेड नावाचं खेडं आहे. मध्ययुगात फ्लँडर्सहून आलेल्या विणकरांमुळे तिथलं कापड नावाजलं. इंग्रज गाव आणि कापड दोन्हींचा उच्चार ‘वुस्टिड’ असा करतात, र गाळून. मराठीत ‘वर्स्टेड’ रुळलंय, तेच ठेवावं.

– गुंड्यावरच्या ‘वर्स्टेड’चा विंचरण्याशी संबंध नाही! ती जाडी आहे, अमेरिकी पद्धतीत क्रमांक ४. सुया साधारण ४.५ ते ५.५ मिमी, चार इंचांत १६ ते २० टाके. अ‍ॅक्रिलिकचा गुंडाही ‘वर्स्टेड’ असू शकतो. नमुन्यात हा शब्द दिसला की जाडीच पाहा, नाहीतर स्वेटर मापात बसणार नाही.

– सुटाचं कापड पारखायचं तर कडेचा एक दोरा काढा आणि उलटा पीळ द्या. लांब तंतू शेजारी शेजारी सरळ सुटले तर वर्स्टेड. आखूड तंतूंचा पुंजका झाला तर वुलन. याच सपाटपणामुळे वर्स्टेडची पँट बसून बसून मागे चकाकते: पृष्ठभाग दाबला जातो आणि आरशासारखा उजेड परततो. थेट गरम इस्त्री फिरवली तर चकाकी आणखी वाढते. ओला पंचा पसरून वाफ द्या, कापड दमट असतानाच मऊ ब्रशने तंतू उभे करा. घासून तंतूच झिजले असतील तर मात्र चकाकी जात नाही.