३ किलोवॅट सोलर : बॅटरी घ्यावी का?

रावेरकर: गच्चीवर सोलर बसवायचंय. आमच्याकडे दुपारी लाइट हटकून जाते. वायरमन म्हणतो, ऑनग्रिड (थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, बिनबॅटरीचं) घ्या, बॅटरीची झंझट नको. खरं का भाऊ?

भुसावळचा आप्पा: अर्धंच खरं. लाइट गेली की ऑनग्रिडचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबाही बंद पडतो, लाइनवरच्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. मी न विचारता बसवलं. मे महिन्यात डोक्यावर रणरणतं ऊन अन् खाली पंखा बंद! बायको अजून टोमणे मारते. हायब्रिड बघा, म्हणजे लाइनला जोडलेलं अन् बॅटरीही असलेलं. अन् पॅनलखाली हवा खेळू द्या. पॅनल २५ अंशांपुढे तापलं की दर अंशाला ०.३-०.४ टक्के वीज घटते.

चोपडेकर: अनुदान हवं तर पॅनल भारतीय सेलचेच (उन्हाची वीज करणारे पॅनलमधले तुकडे) घ्या. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात.

रावेरकर: वायरमनला उद्या चहाला बोलावतो.