वडापवाल्या (शेअर जीपवाल्या) पोरांना ट्रेनिंग द्यायचंय, काय सांगू?

निपाणी_वडाप:
मंडळी, निपाणी-चिकोडी लाईनला आमच्या २०-२२ गाड्या आहेत. ड्रायव्हर पोरांना तासभर बसवून, पोरी-लेकरं फसवून नेतात ते ओळखायचं कसं हे सांगायचं ठरवलंय. झालं असं, गेल्या महिन्यात आमच्या एकाच्या गाडीत १४-१५ वर्षांची पोरगी आणि एक बाप्या बसला, पोरगीला विचारलं कुठं जायचं बाळ, तर ती त्याच्या तोंडाकडं बघायली, तोच म्हणाला गोव्याला हॉटेलात काम लावलंय. ती कन्नडमधनं काहीतरी पुटपुटली, त्यानं गप केलं. हायवेला उतरून गेले. पोराला आता झोप नाही, फोन कुणाला करायचा हेच ठाऊक नव्हतं.

लाल_डब्बा_कंडक्टर:
कर्नाटकात बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना जून २०२३ ला सुरू झाल्यापासनं झिरो तिकिटासाठी बायकांचं आधारसारखं ओळखपत्र बघावं लागतं. बाई आपलं कार्ड स्वतः पर्समधनं शोधते, वैतागते, मागं गर्दी तुंबते. तीन-चार पोरींची कार्डं एकाच परक्या माणसाच्या खिशातनं निघाली आणि उतरायचं गाव पोरींनाच माहीत नसलं तर माझे कान उभे राहतात. पण सौंदत्तीला यल्लम्माला निघालेल्या घरातबी सगळ्यांची कार्डं आज्जीच्या पिशवीत असतात की ओ! एका खुणेवर कुणाला चोर ठरवू नका, फाटके कपडे बघून तर अजिबात नको.

स्टेअरिंग_बेळगाव:
सगळं खरं, पण नंतर साक्षीला कोर्टात कोण हेलपाटे मारणार? गाडी उभी राहिली की कर्जाचा हप्ता थांबतोय होय?

खानापूरची_वकीलबाई:
भाऊ, भीती बरोबर आहे पण तुम्ही फक्त खबर द्यायची आहे, पोरगी सोडवायची नाही. पोलिसांना ११२ वर फोन करा, किंवा लहान मूल असेल तर चाइल्डलाइनला १०९८ वर. गाडी नंबर, कुठं बसले, कुठं उतरणार, कपड्यांचा रंग, एवढं नीट सांगा. अंगावर जाऊ नका, दारं लॉक करू नका, त्याला कळलं तर तो मधल्याच फाट्यावर उतरवेल. "ती राजीखुशीनं चाललीय" हे कारण चालत नाही, फसवून, धमकावून किंवा पैशाच्या आमिषानं शोषणासाठी नेलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये संमतीला किंमतच नाही. आणि आपल्या भागातला खरा घोळ हद्दीचा, कोगनोळी टोल ओलांडला की पुढं कागल, म्हणजे महाराष्ट्र, मग इकडचे पोलीस म्हणतात तिकडं जा, तिकडचे म्हणतात इकडं जा. तसं टाळता येत नाही, झिरो एफआयआर (दुसऱ्या हद्दीतल्या गुन्ह्याचा एफआयआर) कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो. आणि हो, मुलीचा फोटो ग्रुपवर टाकू नका, अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

लोंढा_लाईन:
रेल्वेत असेल तर १३९. आरपीएफचं (रेल्वे सुरक्षा दलाचं) यासाठी २०२२ पासनं वेगळं अभियान आहे. मला विचाराल तर हमाल आणि चहावाले जास्त बघतात, त्यांनाबी बोलवा.

निपाणी_वडाप:
लई उपयोगी. मग भाषण कमी करतो, अर्धा तास नुसतं फोनवर काय बोलायचं त्याची प्रॅक्टिस घेतो, एकदा मराठीत एकदा कन्नडमध्ये. कंडक्टरसाहेब, येत्या रविवारी याल का?

लाल_डब्बा_कंडक्टर:
रविवारी ड्युटी आहे ओ, मंगळवारी ठेवा, येतो.