आजोबांची मिलिटरीची ट्रंक आणि पाटणच्या दवाखान्याच्या वह्या, काय करावं?

अनघा_कर्वेनगर
नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा प्लीज. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये, दिवाळीच्या आत फ्लॅट रिकामा करायचाय, आणि माळ्यावरनं आजोबांची काळी लोखंडी ट्रंक खाली काढलीये. आजोबा ग्रँट मेडिकलचे एमबीबीएस, १९४२ ला इमर्जन्सी कमिशनवर, म्हणजे युद्धापुरते अधिकारी म्हणून, आर्मीत गेले, इंफाळला आणि पुढे ब्रह्मदेशात सर्जन होते. १९४६ ला सुटून आले आणि मुंबईत न थांबता पाटणला दवाखाना टाकला, सातारा जिल्ह्यातलं पाटण, तो १९८१ पर्यंत चालवला.

ट्रंकेत आजीला लिहिलेली पत्रं आहेत, बरीचशी जांभळ्या पेन्सिलीनं, ऑपरेशनची एक वही, मेडल्स, आणि दोरा ओवलेली काही छापील कार्डं. पाटणच्या पेशंटच्या ३४ वह्या वेगळ्या पोत्यात. धाकटे काका म्हणतात मिलिटरीचं ते म्युझियमला देऊ आणि पोतं रद्दीला. मला पटत नाहीये, पण का ते काकांना सांगता येत नाहीये.

अजून एक, आधीच्या पत्रांवर आयएमएस लिहिलंय आणि नंतर आयएएमसी, म्हणजे मधे नोकरी बदलली का? आणि गावाचं नाव एकाही पत्रात नाही. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू ना?

निवृत्त_डॉक्टर_वानवडी
अनघा, सेलोटेप अजिबात नको, बाकी जाणकार सांगतीलच.

नोकरी बदलली नाही. ३ एप्रिल १९४३ ला इंडियन मेडिकल सर्व्हिस, इंडियन मेडिकल डिपार्टमेंट आणि इंडियन हॉस्पिटल कोअर यांची माणसं एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर केली, तीच आयएएमसी. १९५० ला त्यातलं इंडियन गेलं आणि नुसतं एएमसी राहिलं. मी त्याच कोअरमध्ये नोकरी केली म्हणून तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही.

दोऱ्याची कार्डं म्हणजे फील्ड मेडिकल कार्डं. जखमी माणसाच्या अंगावर बांधायची, जखम काय, मॉर्फिया (वेदना मारणारं औषध) किती आणि किती वाजता दिलं ते त्यावर. मॉर्फिया दिलं की कपाळावर एम लिहायचे, नाहीतर पुढच्या ठाण्यावरचा डॉक्टर परत द्यायचा आणि माणूस हातचा जायचा. वहीत सीसीएस दिसलं तर कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, म्हणजे आघाडीच्या मागचं जखमींचं तात्पुरतं हॉस्पिटल, आयजीएच म्हणजे इंडियन जनरल हॉस्पिटल. फील्ड अँब्युलन्स लिहिलं असेल तर ती गाडी नव्हे, अख्खं युनिट. आणि पत्रात ते पिवळे पडल्याचं असेल तर काविळीनं नसेल कदाचित, मलेरियावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्यांनी कातडी पिवळी व्हायची. मलेरिया एवढा होता की त्या आघाडीवर १९४३ मध्ये एका जखमीमागे १२० आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती.

आता महत्त्वाचं. युद्धातल्या सर्जनला एक गोष्ट पक्की शिकवलेली असायची, घाण जखम लगेच शिवायची नाही. मेलेलं मांस कापून साफ करायची, उघडी ठेवायची, चारपाच दिवसांनी स्वच्छ दिसली तरच टाके. लगेच शिवली की आत सडते, गॅस गँगरीन होतो. पाटणच्या वह्यांमध्ये कोयत्याच्या, कुऱ्हाडीच्या, बैलानं शिंग मारल्याच्या जखमा असणारच, त्यांना टाके कधी घातलेत ते बघ. मग सांग, पोतं रद्दीचं आहे का.

कागदवेडा
ताई, जांभळी पेन्सिल म्हणजे कॉपिंग पेन्सिल, पाणी लागलं की पसरते आणि गेलेलं अक्षर परत येत नाही, त्यामुळे ओलं फडकं जवळपासही नको. टाचण्या गंजल्या असतील तर ओढू नका, सावकाश सरकवून काढा. लॅमिनेशन तर नकोच नको, मी लोकांचे पणजोबांचे कागद त्यात भाजून निघालेले पाहिलेत. ऊन नको, सावलीत पंख्याखाली वारा द्या, कसर मऊ ब्रशनं झटका. कागद ज्या क्रमानं निघतील तो क्रम मोडू नका आणि गठ्ठ्यांना नंबर देऊन फोटो काढा, तारखेनं लावायचा मोह सगळ्यांना होतो पण कुठलं पत्र कशाबरोबर ठेवलं होतं तेही कळत असतं. अगदीच चिकटलेली पानं असतील तर भांडारकर संस्थेत विचारा, त्यांचं हस्तलिखितं जतन करण्याचं काम आहे.

गावाचं नाव सेन्सॉरमुळे नाही, पण शिक्क्यात एफपीओ, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, आणि नंबर असेल. टपालाचे संग्राहक असतात त्यांच्याकडे कुठला नंबर कधी कुठे होता याच्या याद्या असतात. युनिट कळलं तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ १७७ या मालिकेत मेडिकल युनिटांच्या वॉर डायऱ्या आहेत. कमिशनची तारीख लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, घरबसल्या फुकट शोधता येते.

नारायणपेठी_सुलभा
आमचे आजोबाही डॉक्टर, नदीकाठी दवाखाना. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि सगळ्या वह्या गेल्या. वडील सांगायचे की चिखलातनं फर्निचर काढलं, भांडी काढली, वह्यांचा मात्र लगदा झालेला. आज आजोबांचा एक फोटो आणि एक पदक आहे घरात, पण ते रोज काय करायचे, कोणाला काय झालेलं, पैसे किती घ्यायचे, कोणाचे सोडून द्यायचे, यातलं काहीच हाताशी नाही. तुमच्याकडे ३४ वह्या आहेत हो! काकांना माझं एवढं वाचून दाखवा.

फक्त एक सांभाळा. त्यात बायकांची दुखणी असतील, १९७१ च्या कायद्याआधीचे गर्भपाताचे प्रसंग असतील, गुप्तरोग असतील, आणि ती घराणी आजही तिथेच नांदतायत. पानांचे फोटो फेसबुकवर टाकू नका. संस्थेला द्याल तेव्हा अमुक वर्षं नावं उघड करायची नाहीत असं लेखी घ्या.

अनघा_कर्वेनगर
सगळ्यांचे आभार. काल रात्री दोनपर्यंत वह्या घेऊन बसले होते. डॉक्टरकाका, तुम्ही म्हणालात तस्संच आहे. १९५३, एका माणसाच्या मांडीला कुऱ्हाड, पहिल्या दिवशी "साफ केली, उघडी", आणि पाचव्या दिवशी "टाके ६". अशा डझनभर तरी सापडल्या.

मग १९६७ ची उघडली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबरच्या पहाटे झाला ना, त्या दिवसाचं पान नेहमीसारखं नाहीच. आजोबांनी पट्टीनं रेघा मारून रकाने पाडलेत, नंबर, गाव, जखम, मॉर्फिया, वेळ. ४१ माणसं. चार नावांपुढे "कपाळावर एम". मी ट्रंकेतली १९४४ ची वही आणून शेजारी ठेवली, तेच रकाने त्याच क्रमानं.

काकांना फोन केला, ते आज सकाळी स्वतः आले. दोन्ही पानं बराच वेळ बघत होते, मग म्हणाले त्या दिवशी मी दहा वर्षांचा होतो, अंगणात कंदील धरून उभा होतो. एवढं कधीच सांगितलं नव्हतं त्यांनी. आता पोतं आणि ट्रंक एकत्रच राहणार, द्यायचं तर सगळं एकाच ठिकाणी.

कागदवेडा
काकांना आठवतंय तेवढं मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, याच आठवड्यात, पुढे ढकलू नका. पत्रांचे आणि वह्यांचे फोटो काढायला रविवारी मी येतो, स्टँड आणि दिवे आहेत माझ्याकडे. पत्ता इथे नको, मेसेज करा.