कढईतलं तेल, बेअरिंग आणि 'बिनधोक' पद्धत

वाळूजकर_मेंटेनन्स: काल इथे एका भाऊंनी ठणकावून लिहिलं की शाफ्टवर चढवण्याआधी बेअरिंग तापवून फुगवायचं तर ऑइल बाथ, म्हणजे गरम तेलाची कढई, हीच सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक पद्धत, इंडक्शन हीटर (चुंबकीय क्षेत्राने तापवणारं विजेचं यंत्र) म्हणजे विकणाऱ्यांचं फॅड. स्वस्त म्हणा, माझी ना नाही. बिनधोक कशावरून? तेल धुरायला लागलं की शेडमध्ये उभं राहवत नाही, त्यात शेजारी वेल्डिंगच्या ठिणग्या. बेअरिंगला ८० ते ११० अंश भरपूर झाले. १२५ च्या पुढे गेलं की स्टीलच्या मापाचा आणि कडकपणाचा भरवसा संपला. पण थर्मामीटर लावतो कोण? धूर बघून अंदाज! तळाला टेकवलेलं बेअरिंग खालून जास्त तापतं. तेल बहुतेक वेळा गिअरबॉक्समधून काढलेलं, म्हणजे त्यातला गाळ थेट रोलरमध्ये. मग ते निथळतं, निसटतं धूड शाफ्टवर चढवायचं. आणि काम झाल्यावर ते काळं तेल कुठल्या नाल्यात जातं, तेही लिहा की.

साखर_फिटर: काल लिहिणारा मीच. कढई नीट वापरा ना राव! आत जाळी ठेवायची, थर्मामीटर बुडवायचा, तेल नवं घ्यायचं. चारही बेअरिंग एकदम आणि सारखी तापतात. तुमच्या हीटरवर आतली रिंग आधी तापते, बाहेरची गारच. घाई केली की क्लिअरन्स, म्हणजे आतली मोकळी फट, संपून रोलर आवळतात. बेअरिंगमध्ये चुंबकत्व राहिलं तर लोखंडाचा कीस चिकटतो. हे बरं सोयीस्कर विसरलात.

वाळूजकर_मेंटेनन्स: सायकल पुरी होऊ दिली की हीटर स्वतःच डीमॅग्नेटाइझ करतो, चुंबकत्व उतरवतो. मधेच उपसून काढलं तर दोष कुणाचा? आणि सीलवाली, ग्रीस भरून आलेली बेअरिंगंही तेलात सोडतात लोक, त्याचं काय?

साखर_फिटर: सीलवालं तेलात टाकणाऱ्याला आम्ही फिटर म्हणत नाही.

जालना_रोलिंग: आमच्याकडे हीटर आहे. कपाटात. ऑडिटच्या दिवशी दर्शन देतो. रात्री दोनला मिलचं बेअरिंग गेलं तेव्हा किल्ली स्टोअरवाल्याच्या खिशात आणि स्टोअरवाला घरी. शेवटी कढईच चढवली.

स्टोअर_सांभाळणारा: किल्ली खिशात का असते ते पण विचारा. आमच्याकडून हीटर गेला दोन योक (बेअरिंग अडकवायचे लोखंडी दांडे) घेऊन, आला एक घेऊन. मेमो मला. टॉर्क रेंचचा हातोडा करणारी हीच मंडळी.

जालना_रोलिंग: मग पाना हरवला की मिलला पण कुलूप लावा!

स्टोअर_सांभाळणारा: आधी रजिस्टरवर सही करायला शिका, मग मिल चालवा.

लातूर_डिप्लोमा: भांडणात विषय वाहून चालला. १०० मिमी बोअर, म्हणजे बेअरिंगचं आतलं भोक, ८० अंशांनी तापवलं की साधारण ०.०९ ते ०.१ मिमी वाढतं. तेवढ्यावर हाताने सरकतं. मग शाफ्टच्या शोल्डरला (पायरीला) दाबून धरा, गार होताना फट पडते. आणि निम्म्या शेडमध्ये बेअरिंगला गॅस कटरची ज्योत लावतात, त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही.

स्टोअर_सांभाळणारा: गॅस कटरचे नोझलही परत येत नाहीत.

परभणी_जिनिंग: आकडे ठेवा बाजूला. माझ्या चुलत्याच्या पायावर अजून डाग आहे. कढईतून बेअरिंग उचलताना साखळी सुटली, तेल उसळलं. ठेकेदार म्हणाला, हळद लावा. ना हातमोजे, ना विमा.

साखर_फिटर: वाईट झालं ताई. पण चूक साखळीची.

परभणी_जिनिंग: तेल नसतं तर साखळी सुटून पायावर काय उसळलं असतं?

साखर_फिटर: ...बरं. उसळणाऱ्या तेलाचा मुद्दा मान्य. खूश? पण ऑफ सीझनला कारखान्याची वीज करणारं आमचं टर्बाइन बंद, दुपारी बाहेरची लाईट जाते. हीटर शेगडीवर चालत नाही. कढई चिपाडावरही तापते. आणि हीटर मागायला गेलो तर साहेब म्हणतील, आधी थकलेला पगार मागा.

वाळूजकर_मेंटेनन्स: म्हणजे हीटर मिळत नाही म्हणून कढई चांगली, एवढंच ना? मग काल 'बिनधोक' कशाला लिहिलंत? 'नाइलाज' लिहायचं.

जालना_रोलिंग: आमचा हीटर उसना न्या, साखरवाले. किल्ली मिळाली तर.

स्टोअर_सांभाळणारा: सकाळी नऊनंतर. सही करून. दोन्ही योक मोजून.