ख्रिस्टिंगल: गोष्ट कुठून सुरू करावी? मदत हवी आहे

चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत ख्रिस्टिंगल (नाताळच्या सुमारास चर्चमध्ये मुलं धरतात ते संत्रं: वर मेणबत्ती, भोवती लाल फीत, मनुका टोचलेल्या चार काड्या) करायचंय. १७४७ साली जर्मनीतल्या मारिएनबॉर्नला योहानेस फॉन वाटेविल या धर्मगुरूंनी मोरावियन (एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मुलांना लाल फीत बांधलेली पेटती मेणबत्ती दिली, मूळ एवढंच. संत्रं, चार काड्या, मनुका सगळं नंतरचं. म्हणून ‘संत्रं म्हणजे पृथ्वी’ इथून सुरुवात मला उलटी वाटते. आधी नुसती मेणबत्ती दाखवली, संत्रं मागाहून आणलं, तर मुलं गोंधळतील का?

दुसरं, संत्र्याला फुलीसारखी चीर, त्यावर फॉइलचा ८ सेंमीचा चौकोन, मग मेणबत्ती. चीर जरा मोठी झाली की मेणबत्ती कलते. फॉइल फाटलं की रस थेट मनगटावर. फॉइल दुहेरी घ्यावं का? की (मोकळे केस पाहता) सेलवरचीच मेणबत्ती बरी?