मदत हवी आहे: एल१ गेस्ट (होस्टवरचं व्हर्च्युअल मशीन) 'ब' होस्टवरून 'अ' वर नीट जातो, परतीला मात्र अडकतो

महापे_रॅक७:
नमस्कार मंडळी. महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये दोन केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) होस्ट आहेत. दोन्हींत एकाच मॉडेलचे कॅस्केड लेक झिऑन, मायक्रोकोड एकच, प्रत्येकी ५१२ जीबी रॅम. 'अ' वर कर्नल ६.१, 'ब' वर ५.१०. क्यूईएमयू (गेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) दोन्हीकडे ८.२, मशीन टाइप एकच, सीपीयू मोड होस्ट-पासथ्रू (गेस्टला होस्टचाच सीपीयू दाखवणारा), डिस्क सामायिक स्टोरेजवर. एल१ गेस्टच्या आत पुन्हा केव्हीएम आणि त्यात एल२, म्हणजे गेस्टच्या आतले गेस्ट.

'ब' वरून 'अ' वर सगळे एल१ चालू अवस्थेतच (लाइव्ह मायग्रेशनने) विनातक्रार जातात. 'अ' वरून 'ब' वर पाठवताना दोन प्रकार होतात. एल२ वर कामाचा भार असेल तर 'ब' च्या लॉगमध्ये 'फेल्ड टू पुट रजिस्टर्स आफ्टर इनिट: इनव्हॅलिड अर्ग्युमेंट' आणि गेस्ट पॉज्ड. एल२ निवांत असतील तर मायग्रेशन यशस्वी दिसतं, एल१ मध्ये एसएसएचही होतं, पण एल२ एकेक करून थांबतात: 'केव्हीएम: एंट्री फेल्ड, हार्डवेअर एरर ०एक्स७'. डाउनटाइम मर्यादा वाढवून पाहिली, पोस्ट-कॉपी (गेस्ट आधी हलवून मेमरी मागून नेणं) करून पाहिलं, फरक नाही. एक एल१ मात्र दोन्ही दिशांना व्यवस्थित फिरतो. एक्सएमएल बाकीच्यांसारखंच आहे.

शनिवारी सकाळी पीडीयूच्या (रॅकच्या वीजवाटप युनिटच्या) कामासाठी 'अ' बंद करायचा आहे. 'अ' वर ३४० जीबी आणि 'ब' वर १२० जीबी एवढे गेस्ट आहेत.

घणसोली_कर्नल:
जो एल१ दोन्हीकडे फिरतो, तो सुरू कुठे झाला होता? आणि अडकणाऱ्या एखाद्या एल१ मध्ये /प्रॉक/सीपीयूइन्फो मधली 'व्हीएमएक्स फ्लॅग्ज' (इंटेलच्या व्हर्च्युअलायझेशन सोयींची यादी) ही ओळ बघा. त्यात टीएससी_स्केलिंग (सीपीयूच्या वेळ-काउंटरचा वेग गेस्टसाठी बदलण्याची सोय) दिसतं का?

महापे_रॅक७:
तो 'ब' वर सुरू झाला होता, बाकीचे सगळे 'अ' वर. आणि हो, अडकणाऱ्यांत टीएससी_स्केलिंग आहे, फिरणाऱ्यात नाही.

घणसोली_कर्नल:
मग दुखणं सापडलं. एल१ ला टीएससी स्केलिंग देण्याची सोय केव्हीएममध्ये कर्नल ५.१४ पासून आली. तुमचा ६.१ ती देतो, ५.१० देत नाही. हार्डवेअर अगदी सारखं असलं तरी एल१ ला दिसणारा व्हीएमएक्स केव्हीएम ठरवतो, त्यामुळे होस्ट-पासथ्रू इथे फसवतं.

एल१ मधलं केव्हीएम मॉड्यूल लोड होताना एकदाच क्षमता वाचतं आणि त्यानुसार प्रत्येक एल२ च्या व्हीएमसीएसमध्ये (गेस्ट कसा चालवायचा हे सीपीयूला सांगणारी नोंद) दुय्यम कंट्रोलचा २५वा बिट, म्हणजे टीएससी स्केलिंगचा, चालू करतं. मायग्रेशनच्या क्षणी व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी सीपीयू) एल२ मध्ये असेल तर 'ब' चं केव्हीएम नेस्टेड स्टेट (आलेली एल२ ची अवस्था) लावतानाच हा बिट तपासतं आणि नाकारतं. हा तुमचा पहिला एरर. त्या क्षणी व्हीसीपीयू एल१ मध्ये असेल तर ही तपासणी होतच नाही, स्टेट स्वीकारलं जातं आणि पुढच्या व्हीएम-एंट्रीला आपटतं. ७ म्हणजे 'कंट्रोल फील्ड अवैध'. भार असताना एक आणि निवांत असताना दुसरा, असं दिसतं ते यामुळेच.

खात्री करायची तर 'ब' वर निवांत पोहोचलेल्या एल१ मध्ये एमएसआर-टूल्स टाकून आरडीएमएसआरने ०एक्स४८बी हा एमएसआर (दुय्यम कंट्रोलपैकी काय उपलब्ध आहे ते सांगणारं सीपीयूचं रजिस्टर) वाचा, मग 'अ' वरच्या एल१ मध्ये तेच वाचा.

महापे_रॅक७:
'अ' वर १५ अंकी हेक्स आकडा येतो, सुरुवातीला २. 'ब' वर तोच आकडा, फक्त पुढचा २ गळालेला. सीपीयूइन्फोत मात्र 'ब' वर पोहोचल्यावरही टीएससी_स्केलिंग दिसतंच आहे!

घणसोली_कर्नल:
सीपीयूइन्फो बूटच्या वेळचं सांगतं, एमएसआर आत्ताचं. त्या दोघांत तफावत, हाच पुरावा.

आता शनिवारसाठी: 'अ' वरचे एल१ ५.१० वर चालू अवस्थेत नेण्याचा प्रयत्न सोडा. उलट करा. 'ब' वरचे १२० जीबी आधी 'अ' वर घ्या, ती दिशा चालते. ४६० जीबी होतील, होस्टला ५२ उरतात, तेवढ्या वेळात नवीन काही चढवू नका. रिकामा 'ब' ६.१ वर बूट करा, एक चाचणी एल१ सुरू करून ०एक्स४८बी जुळतो का बघा, मग एक कमी महत्त्वाचा एल१ भाराखाली पाठवा. तो टिकला की बाकीचे. एकही एल२ बंद करावा लागणार नाही.

वागळे_इस्टेट_ठाणे:
वरच्याशी सहमत, थोडी भर. नुसता ०एक्स४८बी पाहून थांबू नका. क्यूईएमयूच्या सोर्समध्ये स्क्रिप्ट्स/केव्हीएम खाली व्हीएमएक्सकॅप नावाची स्क्रिप्ट आहे. दोन्ही होस्टवरच्या चाचणी एल१ मध्ये ती चालवा आणि आउटपुट डिफ करा (दोन्हींतला फरक काढा). एकही ओळ वेगळी आली तर मायग्रेट करू नका.

पुढे कर्नल वेगळे ठेवावेच लागले तर क्यूईएमयूच्या सीपीयू ओळीत उणे व्हीएमएक्स-टीएससी-स्केलिंग द्या. एल१ च्या आतून रीबूट केल्याने हे लागू होत नाही. पूर्ण शटडाउन करून पुन्हा स्टार्ट करा, कारण क्यूईएमयू प्रोसेस नवी लागते. शिवाय होस्ट-पासथ्रूऐवजी नाव असलेलं सीपीयू मॉडेल, हवी ती व्हीएमएक्स फीचर्स नावानिशी लिहून, आणि सोबत एनफोर्स. मग बिट कमी पडला तर गंतव्यावरचं क्यूईएमयू सुरूच होत नाही आणि गेस्ट मूळ होस्टवर सुखरूप राहतो.

तळोजा_क्लाउड:
आमच्याकडे एपिक (एएमडीचे सर्व्हर सीपीयू) आहेत. हेच चालेल का?

घणसोली_कर्नल:
नाही. केव्हीएमचं दस्तऐवजीकरण एएमडीबद्दल स्पष्ट आहे: एल१ ने एल२ सुरू केला की तो बंद होईपर्यंत एल१ मायग्रेटही करू नका, सेव्हही करू नका. इंटेलवर कर्नल ५.३ आणि क्यूईएमयू ४.२ पासून हे चालतं. तुम्ही आधी एल२ बंद करा.

महापे_रॅक७:
'ब' ६.१ वर आणला. व्हीएमएक्सकॅपचा डिफ रिकामा. भाराखालचा पहिला एल१ गेला, त्यातले चारही एल२ चालू आहेत. आधी 'ब' वर फसून आता 'अ' वर परतलेल्या एल१ मधल्या थांबलेल्या एल२ चं काय करू?

घणसोली_कर्नल:
ते इंटर्नल-एरर अवस्थेत असतील, नुसत्या रिझ्यूमने उठणार नाहीत, रीसेट करावे लागतील. डेटाबेस असलेल्या एल२ ची फाइल सिस्टीम आधी तपासून घ्या.