मदत हवी आहे : वाटपाच्या दाव्याच्या कागदांतील शब्दांचा अर्थ

गेल्या आठवड्यात बेलिफाने आईच्या हाती समन्स, वादपत्राची नक्कल आणि एक अर्ज दिला. आजोबांच्या शेतजमिनीच्या वाटपासाठी आत्याने दिवाणी न्यायालयात दावा लावला असून, वडील हयात नसल्यामुळे काकांच्या पाठोपाठ आईचे नाव प्रतिवादी क्रमांक २ म्हणून आले आहे. आत्याशी आमचे भांडण नाही. तरीही ‘प्रतिवादी’ हा शब्द वाचल्यापासून आपल्यावर कसला तरी आरोप आला आहे, असे आईने मनाशी धरले आहे.

वकिलांची भेट ठरली आहे, परंतु त्यांच्यासमोर बसण्यापूर्वी निदान शब्द तरी समजावेत, अशी इच्छा आहे. वादपत्र म्हणजे वादीची हकीकत व मागणी, आणि कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, एवढे मला उमगले. मात्र ‘नि. ५ वर म्हणणे द्यावे’ याचा उलगडा होत नाही. कैफियत द्यायचीच आहे, तर हे निराळे म्हणणे कशासाठी? शिवाय न्यायालयाने ‘जैसे थे’ आदेश दिला आहे, असे काका सांगतात; मग यंदा आमच्या वाट्याची पेरणी करायची की नाही? तारखेस हजर न राहिल्यास दावा एकतर्फी चालेल, याचा अर्थ आपण हरलो असा होतो का?

प्रतिसाद :

प्रथम आईंची समजूत घालावी. आरोपी हा शब्द फौजदारी प्रकरणातला आहे. वाटपाच्या दाव्यात सर्व हिस्सेदारांना पक्षकार करावेच लागते, त्यामुळे वादी नसलेला प्रत्येक जण आपोआप प्रतिवादी होतो. इतकेच नव्हे, तर आवश्यक ते न्यायालय शुल्क भरून आईंना कैफियतीतच स्वतःचा हिस्सा वेगळा करून मागता येतो.

‘नि.’ म्हणजे निशाणी, अर्थात प्रकरणातील कागदाला मिळालेला क्रमांक. आपल्याकडील दिवाणी न्यायालयांत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज बहुधा पाचव्या निशाणीवर येत असल्याने ‘नि. ५’ हेच त्या अर्जाचे नाव होऊन बसले आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत जमीन विकू नये किंवा ताब्यात अडथळा आणू नये, अशी मागणी त्यात असते. म्हणणे हे केवळ त्या अर्जाला उत्तर असते. कैफियत संपूर्ण दाव्याला. कैफियतीची मुदत समन्स हाती पडल्यापासून ३० दिवसांची असून न्यायालय ती कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. पुष्कळ लोक हे दिवस न्यायालयाच्या पहिल्या तारखेपासून मोजतात आणि तिथेच चुकतात.

एकतर्फी म्हणजे हार नव्हे. वादीला पुरावा द्यावाच लागतो, आणि गैरहजेरीचे सबळ कारण दाखवून तो आदेश रद्द करून घेण्यासाठी अर्जही करता येतो. मात्र तोवर वादीचा पुरावा विनाविरोध नोंदवला जातो, म्हणून तारीख चुकवू नये.

‘जैसे थे’चा ढोबळ अर्थ आदेशाच्या दिवशी असलेली स्थिती बदलू नये, असा आहे. पण कोणती स्थिती, ताब्याची की मालकीहक्काची, हे आदेशाचे शब्द ठरवतात. काकांच्या सांगण्यावर न जाता आदेशाची प्रमाणित नक्कल काढावी आणि त्या दिवशी प्रत्यक्ष वहिवाट कोणाची होती, ते वकिलांना सांगावे. पेरणीचे उत्तर त्या दोन गोष्टींवर अवलंबून आहे.